न घडलेल्या गोष्टींची वही

मित्रांनो, हात लावण्याआधीच सांगते, माझ्या पानांना बिअर, मोहरीची चटणी आणि सिगारेटची राख असा तिहेरी वास येतो. मी एक जुनी, चौकटीच्या कागदाची वही आहे. जन्म जर्मनीतल्या आखन गावचा. दुकानात असताना मला कुणाचं बोट लागलेलंही खपत नसे. २००५ साली यशोधनने मला उचललं. पीएचडी करणारा मुलगा, तेव्हा अंगावर गणितं येतील असं वाटलं होतं. कसलं काय!

दर गुरुवारी तो मला एका बिअरच्या गुत्त्यात नेई. तिथे ठरलेल्या टेबलाभोवती पाच-सहा जर्मन माणसं क्लिंगॉन शिकत. अंतराळातल्या काल्पनिक लढवय्यांसाठी कुणीतरी रचलेली ही भाषा. खोकल्यासारखे तिचे उच्चार आणि प्रत्येक उच्चाराला माझ्यावर थुंकीचा शिडकावा. शी!

जे घडलंच नाही ते या भाषेत कसं सांगायचं, यावर मंडळींचं घोडं अडलं होतं. शेवटी योर्ग नावाच्या ग्रंथपालाने तोडगा काढला. आधी 'अशी कल्पना करा' म्हणायचं आणि मग ती गोष्ट घडल्यासारखी सांगून टाकायची. सरावासाठी प्रत्येकाने दर आठवड्याला अशी दहा वाक्यं आणायची. कुणी चान्सलर झाल्याचं लिही, कुणी चंद्रावर घर बांधल्याचं.

त्याच हिवाळ्यात यशोधनचे बाबा, श्यामकांतराव, नाशिकला वारले. तब्येत बिघडल्याचा फोन आला होता, पण लॅबमधली मोजणी अर्धवट सोडवेना म्हणून हा दोन दिवस थांबला आणि पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. परत आल्यापासून त्याची दहाच्या दहा वाक्यं बाबांविषयीची असत. योर्ग लाल शाईने चुका दुरुस्त करी. वाक्य जमलं की सगळे तिथल्या रिवाजाप्रमाणे बोटांच्या पेरांनी टेबल ठोकून शाबासकी देत. घरातलं माणूस गेलेलं आणि यांची टकटक! मला शिसारी येई. त्या बिचाऱ्यांना काही ठाऊक नव्हतं. यशोधनला होतं, तरी तो हसून मान डोलवी. त्याचा मला सगळ्यांत जास्त वीट आला होता.

पुढच्या उन्हाळ्यात त्याची आई, वासंतीबाई, तीन महिने राहायला आल्या. एकदा जेवताना म्हणाल्या, "बाबा गेल्यापासून तू त्यांचं नावसुद्धा काढत नाहीस रे."

"काय बोलायचं, आई? थोडा भात वाढ."

मी तिथेच फ्रिजवर पडले होते. माझी साठ पानं बाबांविषयीच्या वाक्यांनी भरलेली आणि हा भात मागतो!

एका रविवारी योर्ग कॉफीला आला. वासंतीबाई निवृत्त शिक्षिका, त्यामुळे दोघांचं इंग्रजीत छान जमलं. योर्गने कौतुकाने मला उघडलं आणि इंग्रजीत अर्थ सांगू लागला. "हं तर, तुमचा मुलगा आमच्यात सगळ्यांत हुशार आहे. ऐका हं. अशी कल्पना करा. मी मंगळवारच्या विमानाने निघालो. बाबा मला बघून हसले."

"योर्ग, प्लीज," यशोधन म्हणाला.

वासंतीबाईंनी मला हातात घेतलं. त्यातली भाषा कळत नव्हती, तरी पानं उलटत राहिल्या. मग मराठीत म्हणाल्या, "मंगळवारी? अरे, ते रविवारीच बेशुद्ध झाले. पुन्हा डोळे उघडलेच नाहीत. मंगळवारी निघाला असतास तरी त्यांना कळलं नसतं."

"मला कुणीच सांगितलं नाही."

"इतक्या लांब एकटा घाबरशील म्हणून तेव्हा बोलले नाही. नंतर वाटलं, विचारशील तेव्हा सांगेन. तू विचारलंच नाहीस."

यशोधन टेबलावर डोकं टेकून रडला. योर्गला मराठी कळत नव्हतं, पण त्याचं तोंड उतरलं. आणि मला, मित्रांनो, स्वतःचीच किळस आली. कित्येक महिने त्या मुलाचं खोटं ओझं मी नीटनेटकं, लाल शाईने तपासून घेऊन, अंगावर जपत बसले होते.

म्हणून सांगते, माझ्यासारख्या वह्यांवर हवं ते लिहा, हवं तर थुंकीही उडवा. पण जो प्रश्न आईला विचारायचा, तो मला विचारत बसू नका. मी वही आहे. तुमच्या बाबांची शुद्ध कधी हरपली, हे मला काय माहीत?