पडदाभर गोदाबाई

त्या साली कपाशीवर लाल्या रोग आला आणि कृषी खात्यात बेचाळीस इंची टीव्ही आला. दोन्ही एकाच आठवड्यात. खात्यानं अर्थातच आधी टीव्हीची काळजी घेतली.

अकोटात लग्नाच्या डीव्हीडी बनवणाऱ्या शफीकला साहेबांनी बोलावलं. दिल्लीच्या पाहुण्यांना खात्याची ‘समाधानी कास्तकार’ ही फिल्म दाखवायची होती. फिल्म जुन्या चौकोनी टीव्हीच्या मापाची, वर-खाली काळे पट्टे असलेली. नव्या रुंद टीव्हीवर डावी-उजवीकडेही काळं आलं, आणि समाधानी कास्तकार मधोमध पोस्टाच्या तिकिटाएवढा उरला.

“शोकसंदेशाची चौकट वाटते,” साहेब कळवळले. “हे काळं काढ.”

“निंगते साहेब. पट्टे कापतो, चित्र मोठं करतो. पन खालच्या पट्टीवर हिंदी अक्षरं हायेत. थे बी जातीन.”

“अक्षरं कोण वाचतं?”

शफीकनं वाचली होती. चित्रातली कास्तकार गोदाबाई काय बोलते तेही ऐकलं होतं. लिहिलेलं आणि बोललेलं यांची एकमेकांशी ओळखदेख नव्हती. पण सरकारला एक गोष्ट दोनदा सांगू नये, एवढं त्याला कळत होतं. त्यानं पट्टे कापले.

कार्यक्रमाला गोदाबाईला सत्कारासाठी पहिल्या रांगेत बसवलं होतं. तिचा चेहरा पडदाभर झाला. “खात्यानं वाटलेलं बियानं पेरलं, अर्धं उगवलंच नाई. मंग सायेब आले, फोटू काढला अन् गेले.”

खाली एकही अक्षर नाही. पाहुण्यांनी विचारलं, “क्या कह रही हैं?”

“बहुत खुश है, सर,” साहेब म्हणाले.

एवढी हिंदी गोदाबाईला येत होती. “खुश? असं मी कवा म्हटलं, बापा?”

सभागृह खदखदा हसलं. पाहुण्यांनी डीव्हीडी लावून बसलेल्या शफीककडे पाहिलं, “आप बताइए.” आपल्याला दोन्ही भाषा येतात याचा शफीकला पहिल्यांदाच पस्तावा झाला. तरी त्यानं शब्दाला शब्द सांगितलं.

पाहुण्यांनी वहीत लिहून घेतलं. महिन्याभरानं बियाण्याचे नमुने तपासणीला गेले. अहवाल अजून वाटेत आहे. टीव्ही मात्र लगेच दुरुस्तीला गेला. शेरा होता, ‘चित्र आवश्यकतेपेक्षा मोठे दिसते.’ खात्याचं काम शफीककडे पुन्हा आलं नाही.

गोदाबाई आली.

“माह्या पोरीले अकोल्यात फिलम दाखवाची हाय. थे मोठीवाली दे.”

“घ्या काकू,” शफीक म्हणाला आणि दोन प्रती काढून दिल्या.