शेवंतीचा उपास

मनकर्णाबाईनं ठरवूनच टाकलं होतं, शेवंतीच्या तोंडाशी कुणी घास नेला तर त्याचा हात धरायचा. मग तो हात कुणाचाही असो.

शेवंती म्हणजे तिची वरातीची घोडी. तिवशाजवळ फुलांचा मळा, लग्नसराईत हार आणि घोडी, असा या घरचा धंदा. परवा पोटदुखीनं शेवंतीनं जी लोळण घेतली, ती उठेचना. तिला गाडीत घालून अकोल्याला आणली. जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर प्रणालींनी पोट उघडलं, पीळ बसून काळंठिक्कर पडलेलं आतडं कापून काढलं आणि चांगली टोकं एकमेकांना शिवली.

"घोड्याला उलटी होत नाही, बाई," डॉक्टरांनी बजावलं. "आतडं चालू व्हायच्या आधी घास गेला तर पोटच फुटेल. मी सांगेपर्यंत काही द्यायचं नाही."

झालं! आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून सारा गोतावळा गूळ, फुटाणे, गाजरं घेऊन हजर! मनकर्णाबाई दारातच पदर पसरायची.

"द्या मले. मीच खातो."

आणि खायचीही, त्यांच्यासमोर, उभ्यानं. नणंद फणकारली, "काय हावरट बाई हाय वं!" हिनं गाजर कडाकडा चावलं.

दुसऱ्या सकाळी खुद्द नवरा, शेषराव, खिशात गुळाची पोळी लपवून आला. शेवंतीला वास लागला. ती खिंकाळली.

"काहून उपाशी मारून राहिली तू तिले? तुले काळीज हाय का नाही?"

हे मात्र वर्मी लागलं. तिनं पोळी हिसकावली. शेवंती टक लावून बघत होती, घास हिच्या तोंडात नुसता फिरत होता. तरी डोळे पुसत तिनं शेवटचा तुकडा गिळला.

"हाय काळीज. म्हणूनच."

शेषराव भिंतीशी जाऊन बसला.

दुपारी डॉक्टरांनी नाकातून पोटात नळी घातली. साचलेलं पाणी उलटं आलं नाही, म्हणजे पोटातलं पुढं सरकत होतं. मग कुशीला कान लावून ऐकत असतानाच शेवंतीनं शेपूट उचललं आणि लीद टाकली, तीही थेट डॉक्टरांच्या बुटावर. लीद बघून एवढी माणसं खूश झालेली त्या दवाखान्यानंही पाहिली नसतील.

"आतडं चालू झालं. मूठभर हिरवं गवत द्या," डॉक्टर हसत म्हणाल्या. "जास्त नाही हं."

मनकर्णाबाईनं गवत आणलं. हात तिचाही शिवशिवत होता. तिनं ती मूठ नवऱ्यापुढं धरली.

"घ्या. तुमीच चारा."

शेषरावच्या डोळ्यांना धार लागली. त्याला गवत धरवेना.

"रडा ना मंग सावकाश," ती म्हणाली. "आधी तिले चारा."