सवतीचा टाक

विरुपाक्ष महाराजांनी पितळी परात उचलली आणि लिंबाखाली जमलेली सारी तामलवाडी गप झाली. परातीत हळदकुंकवाच्या राशीवर चांदीचा एक टाक होता. त्यावर बाईची ओबडधोबड मूर्त. समोर पोत्यावर लीला बसली होती. आठ-नऊ वर्षांची, कुणाच्याच तोंडाकडं न बघणारी.

"यारू नीनु? कोण हाईस तू?" महाराजांनी एका दमात कानडी, मराठी आणि उर्दू संपवली. "बोल! हाजिर हो! सात समिंदर, बारा बारव, तेरावी तुझी हीर!"

परात जवळ आली तशी लीला किंचाळली. कान दाबून तिनं अंग मागं फेकलं, डोक्याची डावी बाजू धरून ते भुईवर आपटू लागली.

"वळखलं! आपली मूर्त वळखली हिनं!" महाराज गरजले. माणसं पटापटा हात जोडू लागली.

लीलाला आवरता आवरता तिच्या आईच्या, द्वारकाबाईच्या, अंगावर काटा आला. टाक तिच्याच गळ्यातला होता. ती महारुद्रची दुसरी बायको. पहिली, शरणम्मा, मळ्यातल्या विहिरीत गेली होती. दुसरेपणावर आलेल्या बाईनं सवतीचा टाक गळ्यात घालायचा, म्हणजे मेलेली सुखानं नांदू देते, अशी रीत. द्वारका तो रोज पुजायची. तरी एकटीनं भाकरी थापताना तिला वाटायचं, पाठीमागं कुणी उभं आहे.

त्यात ही लेक. बोलली नाही, हाकेला वळली नाही. रिकाम्या कोपऱ्याकडं बघून खुदकन हसायची. हसू ऐकलं की द्वारका कोपऱ्याकडं बघायचं धाडस करत नसे. आणि आता काही दिवसांपासून पोर जेवेना, झोपेना, डोकं भिंतीवर आपटायची. आणि तिच्याजवळ गेलं की कुजकट वास यायचा.

"मढ्याचा वास हाय त्यो," महाराजांनी सांगून टाकलं होतं. "हिरीतलं मढं पोरीत बसलंय. अवसेला भर दुपारी इळा तापवून टाळूला डाग देऊ. शिरली तिथूनच निघंल. मग बगा, पोपटावानी बोलंल पोर!"

निजामाचं राज्य गेलं, मामलेदार बदलले, गावात एसटी आली. भुतं मात्र आपापल्या जुन्या हुद्द्यावर कायम होती.

घरी आल्यावर महारुद्र विळ्याला धार नको, बोथटच बरा, असं काहीसं पुटपुटत बसला. द्वारकानं टाक परत गळ्यात घातला. लीला हळूच येऊन मांडीला टेकली, नेहमीसारखा टाक बोटांत धरला आणि उन्हाच्या तिरपीत फिरवू लागली. मूर्त चमकत होती, विझत होती. पोर तल्लीन होऊन बघत होती.

द्वारका बघतच राहिली. रोजचीच गोष्ट, पण आज तिच्या मनात ती रुतली. लिंबाखाली याच मूर्तीला बघून ही किंचाळली. मग इथं का नाही?

"आवं, अवसेच्या आधी एकडाव आईचं दर्शन घेऊन येते," ती नवऱ्याला म्हणाली. देवीचं नाव घेतल्यावर महारुद्र नाही म्हणेना.

तुळजापुरात उतरल्यावर तिनं कळसाला हात जोडले आणि लीलाला घेऊन थेट सरकारी दवाखाना गाठला. तिथल्या वनमाला डॉक्टरीणबाई पुजाऱ्याच्या घरातल्या, बोलायला तुटक. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. भूत म्हटल्यावर हसल्या नाहीत.

"डोकं कुठल्या बाजूनं आपटते?"

"डाव्याच, बाई."

तेवढ्यात पलीकडं कंपाउंडरनं लोखंडी ट्रेमध्ये खणकन चिमटा टाकला. लीला किंचाळली. कान दाबून तिनं अंग मागं फेकलं. अगदी लिंबाखालच्यासारखी.

द्वारकानं पोरीला पोटाशी ओढलं. "हितं बी आली का वो ती?"

"इथं कोण येणार? चिमटा पडला," बाई म्हणाल्या. "हिला आवाज बोचतो. त्यात कान दुखतोय."

त्यांनी दार लावलं, भांडी बाहेर पाठवली. आरसा फिरवून भिंतीवर कवडसा नाचवला आणि पोर त्यात रमेपर्यंत घाई केली नाही. मग कान बघितला. कळ बधिर होण्यासाठी थेंब घातले, दोघींनी धरून ठेवली, आणि बारीक चिमट्यानं आतून एक वस्तू ओढून काढली. जोंधळ्याचा दाणा. पुवात फुगून काळा पडलेला. त्याच्याबरोबर वास आला, तोच, मढ्याचा.

"हा तुमचा मुडदा," बाई म्हणाल्या.

द्वारका वाकून दाण्याकडं बघू लागली. किती दिवस या वासापासून ती तोंड फिरवत आली होती. तोंड फिरवत होती, आणि दाणा आत कुजत होता.

"मग आता बोलंल का?"

"ते सांगता येणार नाही. दाणा कानाचा, न बोलणं त्याचं नाही. काही मुलांच्या मेंदूची वाढच आईच्या पोटात असल्यापासून निराळ्या वाटेनं होते. का, ते आम्हालाही अजून नीट कळलेलं नाही. पण एवढं नक्की, तुमच्यामुळं नाही आणि तुमच्या सवतीमुळंही नाही. अशा मुलाला दुखलं तर ते सांगता येत नाही. मग ते आपटतं, चावतं, ओरडतं. लोक म्हणतात अंगात आलं. कान, दात, पोट कुणी बघत नाही."

"आन् लिंबाखाली टाक बगून वरडली ती?"

बाईंनी उलट विचारलं, "परात कशी धरतो तो महाराज?"

"दोनी हातानं, खालून."

"बोटात अंगठी आहे?"

"लोखंडाची. घोड्याच्या नालेची, म्हनं."

बाईंनी लीलाच्या दोन्ही कानांत औषधात भिजवलेले कापसाचे बोळे घट्ट बसवले. "हे इतक्यात काढू नका," त्या म्हणाल्या, आणि मग काय करायचं ते द्वारकाला सांगायची गरज उरली नाही.

अवसेच्या दुपारी लिंबाखाली मुंगीला वाट नव्हती. चुलवणात विळा लाल होत होता. द्वारकानं लीलाचे केस कानांवरून विंचरून आणले होते. महाराजांनी परात उचलली, टाक चमकला.

"यारू नीनु?"

लीला टाकाकडं बघत राहिली. मग हसली.

महाराजांनी परात आणखी पुढं नेली. "बोल! हाजिर हो!" घाम फुटला. त्यांनी परातीखालून बोट जोरानं ओढलं, पुन्हा ओढलं. क‍र्रर्र असा, एरवी आरोळीत बुडणारा, आवाज झाला आणि पुढं बसलेल्या बायांनी दात आवळून कान झाकले.

"ऐकलं का?" द्वारका उभी राहिली. "आज समद्यांनी ऐकलं. माज्या लेकीनं तेवढं न्हाय ऐकलं, तिच्या कानांत बोळे हायती. टाकाला भीत असंल तर डोळं उगडंच हायती की तिचं!"

तिनं परात हिसकून उलटी केली. हळदकुंकू सांडलं. पितळेच्या पाठीवर लोखंडानं ओरखडून ओरखडून पांढरे चरे पडले होते. महाराजांनी अंगठीचा हात अंगावरच्या छाटीत लपवला.

"भूत लई हुशार हाय, कानात—"

"भूत न्हाय, जोंधळ्याचा दाणा हुता!"

मागं कुणीतरी हसलं. हसू पसरणार, एवढ्यात म्हातारी कडूबाई काठी टेकत पुढं आली. शरणम्माची ती शेजारीण. ती चुलवणातल्या विळ्याकडं बघत होती.

"शरणीला फेफरं यायचं," ती म्हणाली. "तिला बी असंच बसीवलं हुतं. दुसरा बाबा हुता, इळा ह्योच म्हना. टाळूला डाग दिला. आग आग करत पळाली पोर हिरीकडं. जीव द्यायला न्हवं गं. डोक्यावर पानी घ्यायला. तितंच फेफरं आलं. म्या वरून बगितलं." तिनं गर्दीवर नजर फिरवली. "आन् आपुन तिलाच भूत क्येलं."

महारुद्रनं पुढं होऊन विळा पाण्यात बुडवला. चर्र झालं, वाफ उठली, आणि त्या आवाजानं बायांनी पुन्हा अंग चोरलं. महाराज कधी उठून गेले, ते कुणाला कळलंच नाही.

"मग पोर बोलनार कदी?" कुणीतरी विचारलं.

"ठावं न्हाय," द्वारका म्हणाली. "बोलंना का. पर तिला दुखतंय का, ते तरी बगाल का न्हाय? ज्याला सांगता येत न्हाय, त्याचं दुखनं आपुन वळखायचं. कान बगा, दात बगा, पोट बगा, दवाखान्यात न्या. त्येच्यात भूत दिसलं तर मला येऊन सांगा."

लीला पुढंही बोलली नाही. पण त्या आठवड्यात तिनं पोटभर भाकरी खाल्ली आणि भिंतीला डोकं लावलं नाही. एकदा कोपऱ्याकडं बघून ती खुदकन हसली, तेव्हा द्वारका तिच्याशेजारी जाऊन बसली आणि तिनं पहिल्यांदाच त्या कोपऱ्याकडं बघितलं. पत्र्याच्या भोकातून आलेल्या उन्हात धूळ तरंगत होती, सावकाश, वर-खाली. दोघी ती बघत बसल्या.