पाऊण सेकंदाचे कुंकू

मी एक जुने स्टॉपवॉच आहे. चावी देऊन चालणारे, गोल, तळहातात मावणारे. मित्रांनो, माझा स्वभाव जरा खडूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. कोणी “साधारण दीड मिनिट” म्हटले की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. साधारण म्हणजे किती? मिनिट सांगा, सेकंद सांगा, नाहीतर गप्प बसा!

कुठल्याशा कारखान्यात माझी चाके जुळवली गेली, ते मला फारसे आठवत नाही. आठवते ते नाशिकच्या महापालिकेच्या तलावाचे निळे पाणी आणि मोतीराम सरांचा उजवा अंगठा. सर तिथे मुलांना पोहायला शिकवत. माझी दोरी त्यांच्या गळ्यात असे आणि मी त्यांच्या छातीवर. अंगठा एकदा दाबला की मी निघे, दुसऱ्यांदा दाबला की थांबे.

१९९३ साली मखमलाबादहून तानुबाई तलावावर आल्या. त्या झेंडू पिकवत आणि पंचवटीच्या बाजारात विकत. सोबत तेरा वर्षांची दीपमाला होती. “सर, ही पोरगी हिरीतून बाहेरच येत नाय. हिला इथंच टाका,” त्या म्हणाल्या. दीपमाला विहिरीत बेडकासारखी पोहायला शिकली होती. दोन्ही हात एकदम पुढे, दोन्ही पाय एकदम मागे. सर हसून म्हणाले, “अहो, यालाच ब्रेस्टस्ट्रोक म्हणतात. हिला मी शिकवायचं तरी काय?” तरी शिकवण्यासारखे पुष्कळ होते. या प्रकारात भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागावे लागतात, नाहीतर पोहणारा बाद होतो. विहिरीच्या पायरीला एका हाताने लटकायची तिची सवय मोडायला सरांना तीन महिने लागले.

पुढच्या वर्षी ती शंभर मीटर एक मिनिट पंचवीस सेकंदांत पोहू लागली. राज्य स्पर्धेत पहिल्या दोन मुली राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होत्या. त्या दोघींत दीपमाला असावी, एवढेच सरांच्या डोक्यात होते.

मग खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारांची, अवजारांची पूजा करतात. सरांनी शिट्टी, पोहण्याच्या फळ्या आणि मला पाटावर मांडले. झेंडू तानुबाईंच्या शेतातला. सर त्या वर्षी फार आनंदात होते. त्यांनी बोट भरभरून ओले कुंकू माझ्या कपाळाला लावले. माझे कपाळ म्हणजे माझे बटण! कुंकू ओघळून आत गेले आणि वाळले.

त्या दिवसापासून मी निघताना अडखळू लागलो. अंगठा दाबला जाई, पण काटा पाऊण सेकंद उशिरा हले. थांबताना मात्र बरोबर थांबे. सरांची नजर पाण्यावर असल्यामुळे हे त्यांच्या लक्षात आले नाही. दीपमालाची वेळ अचानक सुधारली! सर तलावाच्या काठावर नाचायचेच बाकी होते. मी आतून ओरडत होतो, पण आम्हा घड्याळांना टिकटिक सोडून दुसरी भाषा येत नाही.

स्पर्धेच्या दिवशी सर तिला म्हणाले, “वेळ आपल्या हातात आहे. पहिल्या पन्नास मीटरला दम राखून ठेव, दुसऱ्या पन्नासला सोड.” तिने तसेच केले. ती तिसरी आली. दुसरी आलेली मुलगी तिच्यापुढे जेमतेम हातभर होती. पंचांच्या घड्याळात दीपमालाची वेळ होती एक मिनिट पंचवीस.

“तिकडे सरावात वेगात पोहतेस, मग इथे काय झालं? घाबरलीस?” सर सगळ्यांसमोर बोलले.  त्यानंतर ती तलावावर आलीच नाही.

दोन महिन्यांनी माझे बटण पारच रुतले, तेव्हा सर मला पंचवटीतल्या पुंजा घड्याळजीकडे घेऊन गेले. त्यांनी मला उघडले, भिंगातून पाहिले आणि म्हणाले, “सर, देवाची पूजा वरून करत्यात. तुम्ही तर गाभाऱ्यातच कुंकू ओतलं. हे घड्याळ निघतानाच अडत असणार.”

सरांचा चेहरा उतरला. ते तडक मखमलाबादला गेले. दीपमाला फुले तोडत होती. सर बांधावरच उभे राहिले आणि म्हणाले, “चूक तुझी नव्हती. माझं घड्याळ खोटं धावत होतं आणि मी तुला खोट्या भरवशावर दम राखायला लावला. वर बोललोही. माफ कर मला.”

“म्हंजे मी भ्याले नव्हते?” तिने विचारले.

“नाही गं. तू तुझ्या खऱ्या वेगानंच पोहलीस.”

ती रडू लागली. तानुबाई म्हणाल्या, “दोन महिने पोरगी सोताला भित्री म्हनत होती, सर.” मला त्या क्षणी माझ्या सगळ्या चाकांची लाज वाटली. डोळे पुसून दीपमाला म्हणाली, “येते मी. पन ह्यापुढं वेळ कितीबी वाईट येऊ द्या, तीच सांगा.”

सरांनी शब्द दिला. पुढच्या वर्षी ती राज्यात पहिली आली. १९९८ मध्ये तिने राष्ट्रीय सुवर्णपदक जिंकले. पंचवटीतून उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली आणि सरांच्या गळ्यात मीही होतो. तिला खेळाडू म्हणून नोकरी लागली. ती आणखी सात वर्षे पोहली आणि चार वेळा देशात पहिली आली.

दरम्यान बॅटरीची घड्याळे आली, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारी. मी कपाटाच्या खणात गेलो. माझी चावी महिनोन् महिने कोणी फिरवली नाही. वाईट वाटले, का खोटे बोलू?

२००५ साली एका सकाळी खण उघडला. दीपमाला आली होती. ब्रेस्टस्ट्रोकचे पाय मारून मारून तिचा गुडघा पार झिजला होता. निवड चाचणी आठ दिवसांवर होती. “सर, जुनंच घड्याळ लावा. मला एकच खरा आकडा हवाय,” ती म्हणाली.

ती पोहत होती आणि सरांचा अंगठा माझ्यावर थरथरत होता. शेवटच्या दहा मीटरमध्ये तो खाली झुकला. आधीच दाबला असता, तर आकडा गोड झाला असता. मला ते कळत होते. सरांनी अंगठा उचलून धरला. तिचे दोन्ही हात भिंतीला लागले, तेव्हाच तो खाली आला.

“एक मिनिट सत्तावीस,” सर म्हणाले. 

ती भिंत सोडून काठावर चढून बसली. मग म्हणाली, “मी चाचणीला जात नाही, सर. पुरे झालं. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं, तर मी मानलं नसतं.”

मित्रांनो, जुन्या वस्तूंना अधूनमधून पुसा, त्यांची चावी फिरवा, पूजाही जपून करा. आणि ज्यांच्यावर तुमची माया आहे, त्यांना खरा आकडा सांगताना अंगठा थरथरला तर थरथरू द्या. आधी दाबू मात्र नका.