साडेतीनवरचा काटा

"लिहा," नरहरसाहेब म्हणाले, "सफाई करताना मानीबाईच्या हातून दांडी सरकली."

मी टाइप केलं. बावीस वर्षं हेच करतेय. साहेब बोलतात, कुंदाताई टाइप करते, आणि कुंदाताईच्या मनात काय आलं ते संध्याकाळी रिकाम्या डब्याबरोबर घरी जातं. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत आमचं कापसाच्या गाठींचं गोदाम आहे. सोमवारी भरदुपारी तिथे आग लागली आणि त्रेचाळीस गाठी गेल्या. माणसाला खरचटलंसुद्धा नाही, देवाची कृपा. जळका वास पहिल्यांदा आमच्या झाडणाऱ्या मानीबाईलाच आला होता. तिनंच बोंब ठोकली, तिनंच बाकीच्या बायकांना बाहेर काढलं. आणि चौथ्या दिवशी मी तिच्याच माथी खापर फोडणारा हा जबाब टाइप करत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, त्यातला प्रकार. फक्त चोर कोण ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

टेबलापलीकडे आमचे मिस्त्री, जफरभाई उभे होते. जबाबाखाली सही त्यांची लागणार होती, कारण आग विझवायची सगळी यंत्रणा त्यांच्या ताब्यात. एकतीस वर्षं नोकरी आणि निवृत्तीला चार महिने बाकी.

ती यंत्रणा त्यांनीच मला एकदा समजावली होती. गोदामाच्या छताखाली पाण्याचे पाइप आहेत आणि त्यांची तोंडं कायम उघडी असतात. पाणी मागे एका मोठ्या व्हॉल्व्हनं अडवलेलं असतं, आणि त्या व्हॉल्व्हला दाबून धरते ती साधी हवा. छताखालूनच हवेची एक बारीक नळी फिरते. तिच्यावर जागोजागी काचेच्या इवल्याशा कुप्या बसवल्यात. आग लागली की कुपी तापून फुटते, नळीतली हवा निघून जाते, दाब सुटतो आणि व्हॉल्व्ह उघडून पाणी धो धो कोसळतं. वीज नको, माणूस नको. हवा गेली का पाणी आलं, बस, असं ते सांगायचे.

पण त्यात एक मेख आहे. कॉम्प्रेसर त्या नळीत हवा भरत असतो, ती वाट मुद्दाम सुईच्या नेढ्याएवढी ठेवलेली. शेजारी दुसरी मोठी वाट आहे, तिच्यावर पिवळी दांडी. नळी रिकामी झाली की भराभर भरायला ती दांडी फिरवायची आणि लगेच बंद करायची. ती उघडी राहिली तर फुटक्या कुपीतून जाईल तेवढी हवा मागून येत राहते, आणि वर आग लागलीय याचा व्हॉल्व्हला पत्ताच लागत नाही. सोमवारी नेमकं तेच झालं. अग्निशमनची गाडी यवतमाळहून येऊन आग विझवेपर्यंत आमचा व्हॉल्व्ह ढिम्म हलला नाही, आणि नंतर पाहिलं तर दांडी उघडी.

उघडली कोणी? नरहरसाहेबांनी त्याच संध्याकाळी निकाल लावला. व्हॉल्व्हच्या खोलीत झाडायला मानीबाई जाते, तिचाच हात लागला असणार. तिला म्हणाले, उद्यापासून येऊ नको. चौदा वर्षं रोजंदारीवर असलेल्या बाईला काढायला कागदही लागत नाही. मानीबाईनं वाद घातला नाही. तिनं जफरभाईंकडे एकदा पाहिलं, झाडू भिंतीला टेकवला आणि तांड्याच्या वाटेला लागली. जफरभाई खाली फरशीकडे बघत होते. मला वाटलं, भल्या माणसाला वाईट वाटलं असेल.

शुक्रवारी विमा कंपनीकडून इंजिनियर आला. पियूष नाव, नागपूरचा, वयानं माझ्या मुलीएवढा. त्यानं आधी यंत्रणेच्या तपासणीचं माझं रजिस्टर मागितलं. दर सोमवारी माझ्या अक्षरात एकच नोंद होती, हवेच्या दाबाचा काटा साडेतीन, ठीक. पानंच्या पानं साडेतीन.

"मॅडम, हा काटा तुम्ही स्वतः पाहता?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, जफरभाई दारातून सांगतात आणि मी लिहिते. एवढ्या वर्षांत मी त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं, खाली सही मात्र ठोकत होते. लोकांच्या चुका नाकानं कांदे सोलत मोजणारी मी.

साहेबांनी जबाब जफरभाईंपुढे सरकवला आणि पेन दिलं. त्यांनी पेन हातात धरलं, कागद पूर्ण वाचला. मग पेन ठेवून दिलं आणि इंजिनियरला म्हणाले, आधी चालवून पाहू, सही मंग करतो.

आम्ही चौघं व्हॉल्व्हच्या खोलीत गेलो. आगीत फुटलेल्या कुप्यांच्या जागी बाहेरच्या माणसाकडून नव्या बसवून झाल्या होत्या. जफरभाईंनी आधी पिवळी दांडी उघडली, सोमवारी होती तशी. मग नळीच्या टोकाची तोटी सोडली. कुपी फुटावी तशी हवा फुस्स करून सुटली. काटा साडेतीनवरून अडीचवर आला आणि तिथेच बसला. कॉम्प्रेसर धडधडत राहिला. मोठा व्हॉल्व्ह गप्प. पियूषनं घड्याळात तीन मिनिटं मोजली. मग जफरभाईंनी तोटी बंद केली, काटा वर येऊ दिला, दांडी बंद केली आणि तोटी पुन्हा सोडली. या वेळी काटा घसरतच गेला. व्हॉल्व्हमध्ये धाडकन आवाज झाला आणि भिंतीपलीकडे, आगीनंतर रिकाम्या केलेल्या त्या भागात, छतातून पाणी कोसळायला लागलं. जळक्या कापसाचं काळं पाणी उंबऱ्याखालून आमच्या चपलांपर्यंत आलं.

साहेब म्हणाले, झालं तर मग, मशीन ठीक आहे, म्हणजे दांडीला बाईचाच हात लागला.

"दांडी म्या उघडली," जफरभाई म्हणाले. "संक्रांतीपासून उघडीच हाये."

पाण्याच्या आवाजात मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण त्यांनी सगळं सांगितलं, खाली न बघता. थंडीत वरच्या नळीचे दोन-तीन जोड झिरपायला लागले. त्या नेढ्याएवढ्या वाटेनं येणारी हवा पुरेना, काटा रोज खाली यायला लागला. असाच येत राहिला असता तर आग नसताना पाणी सुटून सगळ्या गाठी भिजल्या असत्या. खरा इलाज म्हणजे पंचवीस फुटी शिडीवर चढायचं, एकेका जोडाला साबणाचा फेस लावायचा, बुडबुडा दिसेल तो जोड आवळायचा. पण दिवाळीपासून त्यांचे दोन्ही गुडघे गेले होते. चौथ्या पायरीवर पाय थरथरतात, म्हणाले. मग दांडी उघडली. काटा साडेतीनवर आला आणि तिथेच राहिला. आज चढतो, उद्या चढतो करत दिवस ढकलले.

"कोणाला सांगायचं होतं ना," मी न राहवून म्हटलं.

"सांगतलं असतं तं दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं, कुंदाताई. शिडीवर न चढणारा मिस्त्री कायले पाहिजे कोणाले?"

झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या मुठीपायी सगळं गोदाम जळालं असतं, माणसं जळाली असती, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मला त्यांचा रागही आला आणि रडूही आलं.

साहेबांनी त्यांना बाजूला घेतलं, पण आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. "मिस्त्री, चार महिने राहिलेत. इज्जतीनं निवृत्त व्हाल. सही करा, मी काही ऐकलं नाही."

"अन् त्या बाईची इज्जत?" जफरभाईंनी विचारलं. "चार दिवस तेच इचार करून राह्यलो, सायेब. जेवण गेलं नाही घशाखाली."

मी ऑफिसात येऊन पहिला जबाब फाडला आणि जफरभाईंनी सांगितला तसा नवा टाइप केला. शेवटी न पाहता भरलेल्या रजिस्टरबद्दल दोन ओळी माझ्या नावानं घातल्या. साहेब म्हणाले, तुम्हाला कोणी विचारलं होतं का? म्हटलं, नाही, तेच तर चुकलं. मला पुढे ताकीद मिळाली. जफरभाईंना त्याच संध्याकाळी घरी पाठवलं. एकतीस वर्षांनंतर ना नारळ, ना शाल. मानीबाईला मंगळवारपासून कामावर बोलावलं, तेही पियूषनं अहवालात तिचा दोष नाही असं लिहिल्यावर.

दहा-बारा दिवसांनी जफरभाई आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात बूट. फाटकावर वॉचमननं ओशाळून भेटायला येणाऱ्यांची वही पुढे केली, कारण आता ते बाहेरचे. मी बिल्ले द्यायला फाटकाजवळच होते. कोणाला भेटायचे, या रकान्यापाशी ते थांबले आणि मला मानीबाईचं पूर्ण नाव विचारलं. मलाही येत नव्हतं. मस्टर काढून पाहिलं तेव्हा कळलं, मानीबाई धरमसिंग राठोड. त्यांनी ते सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं. वॉचमन म्हणाला, या बाईला भेटायला आजवर कोणी आलं नाही.

मानीबाई पदराला हात पुसत आली. जफरभाईंनी हात जोडले. "माफी मांगाले आलो. चार दिवस मी चूप बसलो, आळ तुह्यावर राहू देला."

"मले मालूम होतं," ती म्हणाली. "तुम्ही दांडी उघडली तवा मी थेच झाडून राह्यली होती."

जफरभाईंचे जोडलेले हात तसेच राहिले. "मंग सायबाले काहून नाही सांगतलं?"

"तुमचे चारच महिने राह्यले होते, मिस्त्रीभाऊ. मले काय, झाडू कुठी बी भेटते."

मानीबाईनं इकडेतिकडे पाहिलं, माझ्या टेबलामागची प्लॅस्टिकची खुर्ची उचलून आणली, पदरानं पुसली आणि त्यांच्यापुढे ठेवून बसा म्हणाली. स्वतः नेहमीसारखी खाली पायरीवर बसली आणि वॉचमनला चहा सांगितला.

जफरभाई खुर्चीवर बसले नाहीत. भिंतीला हात लावून, दात आवळून, हळूहळू वाकत ते खाली आले आणि पायरीवर तिच्या शेजारी बसले.