दोन ते आठच्या बाहेरचे तीन तास

जावयाच्या कामात खोट काढायची म्हणजे सासूची परीक्षाच! पण दवाखान्यातला लसींचा फ्रीज वीस वर्षं सांभाळणाऱ्या नर्सबाईंच्या जिवाला सकाळपासून घोर लागला होता. फ्रीजच्या मागच्या भिंतीवर त्यांना बर्फाचा पातळ पापुद्रा दिसला होता. गोठलेली लस टोचली काय नि पाणी टोचलं काय, सारखंच. आणि उद्या चाळीस बाळांना टोचायची होती. त्यात त्यांची दीड महिन्याची नातही होती, म्हणजे जावयाचीच लेक.

जावई त्याच दवाखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचा. फ्रीजचं तापमान त्यात तासातासाला आपोआप नोंदलं जायचं. त्याने गेल्या सात दिवसांतल्या, लसीला मानवणाऱ्या दोन ते आठ अंशांमधल्या नोंदी मागवल्या आणि कागद सासूबाईंपुढे धरला.

"बघा आई, एकही नोंद दोनच्या खाली नाही की आठच्या वर नाही. उगाच जीव टांगणीला लावून घेताय." लस चांगली असल्याची सहीसुद्धा त्याने खाली ठोकली होती. स्वारी भलतीच खुशीत होती.

नर्सबाईंनी चष्मा लावून एकेक ओळ मोजली. "जावईबापू, रागावू नका हं. आठवड्याचे तास किती?"

"एकशे अडुसष्ट."

"इथे ओळी एकशे पासष्ट. मग मेले तीन तास गेले कुठे?"

तो हसायला गेला, पण नजर त्याने स्वतःच घातलेल्या अटीवर गेली. अरे देवा! चांगल्याच नोंदी मागितल्यावर वाईट दिसणार कशा? चाळणीखालचं पीठ बघून त्याने खडे नाहीत म्हणून सांगितलं होतं. त्याने अट उलटी केली: दोन ते आठच्या बाहेरचं तेवढं दाखव. तीन ओळी आल्या, तिन्ही आज पहाटेच्या. उणे एक, उणे दोन, उणे एक.

तो सासूबाईंकडे वळला. "आई, तुम्हाला शंका होती ना? मग निदान आपल्या बाळाचा नंबर तरी पुढे ढकलायचा!"

"आणि बाकीची एकोणचाळीस? ती काय रस्त्यावर पडलीत?" जावयासमोर नर्सबाईंचा आवाज पहिल्यांदाच चढला.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने सही खोडली. नर्सबाई लसीच्या कुप्या बाहेर काढायला लागल्या. तो चाळीस घरांची यादी घेऊन फोनपाशी बसला. उद्या येऊ नका, लस गोठलीय, ती चांगली म्हणून सही ठोकली ही चूक माझी आहे, असं सांगायला. यादीत त्याच्या घरचा नंबर सगळ्यात वर होता. तो त्याने शेवटी लावला.