एक पलंगावर, एक पाण्यात, एक कपाटात

सहल नीट पार पडली, तर धाकट्या जावयाला वर्षाचे एकशेचार दिवस परत मिळणार होते. हिशेब सरळ होता: बावन्न शनिवार अधिक बावन्न रविवार. सासरे गेल्यापासून तीन वर्षं हे सगळे दिवस सासूबाईंच्या घरी जमा होत होते. सासूबाई घर सोडून कुठे राहायला तयार नव्हत्या, आणि सुट्टीच्या दिवशी त्यांना एकटं ठेवायला त्याची बायको तयार नव्हती. थोरली मेहुणी, जिला सगळे ताई म्हणत, एका मोठ्या हॉटेलात चादरी-टॉवेलांच्या खात्याची प्रमुख. शनिवार-रविवारी तिला हमखास ड्यूटी. मग उरला कोण? ज्याच्याकडे गाडी होती तो.

जावई विमा कंपनीत सर्व्हेअर होता. चेपलेल्या गाड्या, जळालेली दुकानं, भिजलेली गोदामं बघायची आणि नुकसान किती खरं, किती फुगवलेलं ते लिहायचं, हा त्याचा धंदा. अशा माणसाला स्वतःच्या नुकसानीचा आकडा पाठ असणारच. पण तीन वर्षांत तो आकडा त्याने एकदाही तोंडातून बाहेर काढला नाही, एवढं त्याच्या नावे जमा धरायला हवं.

मग ताई निवृत्त झाली, आणि त्याच आठवड्यात सासूबाईंनी आपणहून विषय काढला. सासरे बाटल्यांच्या कारखान्यात फोरमन होते. छत्तीस वर्षं त्यांनी साच्यांतून वाइनच्या बाटल्या ओतून घेतल्या आणि घरी वाइनचा थेंब आणला नाही.

"त्या बाटल्या जायच्या कुठे, ते एकदा बघू या," सासूबाई म्हणाल्या. "ते द्राक्षांचे मळे वगैरे. दोन रात्री. तिसरी नाही."

वर्षापूर्वी त्यांना असंच एका चांगल्या हॉटेलात नेलं होतं. सासूबाई रात्रभर खुर्चीवर बसून राहिल्या आणि उजाडल्यावर म्हणाल्या, "मला घरी सोडा." का, ते सांगितलं नाही. आता ही दुसरी खेप. हीही बिघडली, तर सासूबाई पुन्हा उंबरा ओलांडणार नाहीत, हे चौघांनाही कळत होतं.

"जागा मी बघतो," जावई म्हणाला. सासूबाई एकदा घराबाहेर झोपू लागल्या, की शनिवार-रविवारी निवृत्त ताईकडेही राहतील, म्हणजे एकशेचार दिवसांचा प्रश्न होता. तो दुसऱ्याच्या हाती कोण देईल?

पुढच्या रविवारी जेवणं झाल्यावर त्याने लॅपटॉप उघडला. चौदा हॉटेलं, अकरा रकाने. खिडकीतून मळा दिसतो का, पोहण्याचा तलाव आहे का, नाश्ता किती वाजेपर्यंत, पलंग केवढा. सहा फुटी पलंगाला दहापैकी दहा. पहिला नंबर आला मळ्यांच्या मधोमध असलेल्या एका रिसॉर्टचा: चाळीस खोल्या, आणि तिथल्याच रेस्टॉरंटमध्ये रात्री सात पदार्थांचं जेवण, एकामागून एक.

ताई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. ती निवृत्त झाली होती; तिच्या हातांना कुणी कळवलं नव्हतं.

"जावईबापू, हे फोटो कुणी काढले?"

"रिसॉर्टनेच."

"म्हणजे मुलगी कशी आहे, ते मुलीच्या आईलाच विचारलंत."

"ताई, साडेनऊशे लोकांनी चांगले अभिप्राय दिलेत."

"त्यातल्या किती जणांनी चादर उचलून गादी बघितली?"

बायको हसली. कुणाच्या बाजूने, ते त्याने नोंदवून ठेवलं नाही. काही नुकसान न मोजलेलंच बरं.

"उद्या साडेअकराला फोन करते," ताई म्हणाली.

सोमवारी जावई मुद्दाम रजा टाकून तिच्या घरी हजर झाला. आपल्या पहिल्या नंबराची बाजू मांडायला तिथे कुणीतरी हवं ना.

"साडेअकराच का?" त्याने विचारलं.

"तेव्हा खोल्या आवरणं चालू असतं. हात कामात असले की माणूस खरं बोलतो. खोटं बोलायला मोकळे हात लागतात."

रिसेप्शनवरची मुलगी मधात घोळून बोलत होती. ताईने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला चादरीवालीकडे जोडून द्या." दोन मिनिटांनी दुसरा आवाज आला, दमलेला. "मीही त्याच खात्यातली," ताईने सांगितलं. "एकतीस वर्षं." तेवढ्यावर त्या दोघी अशा बोलायला लागल्या, की जणू एकाच बाकावर बसून शिकल्या होत्या. पाठदुखीवरून वाफेच्या इस्त्रीवर आल्या, इस्त्रीवरून साहेबांवर. मग ताईने हळूच विचारलं, "खोल्या चाळीस ना? जोड किती?"

पलीकडचा आवाज खाली आला. "साठ."

ताईने जावयाकडे पाहिलं. तपासनीस जळक्या दुकानाकडे बघतो, तसं.

"साठ वाईट आहेत का?" त्याने कुजबुजत विचारलं.

ताईने फोनवर हात ठेवला. "एका पलंगाला चादरींचे तीन जोड लागतात. एक पलंगावर, एक पाण्यात, एक कपाटात. कपाटातला नुसता विसावतो. न विसावता रोज धुतलेली चादर आधी कडक होते, मग विरते. इथे पलंगाला दीड जोड. म्हणजे सकाळी उतरवायची, दुपारी अर्धी ओली पसरायची. तुमच्या साडेनऊशे लोकांना मळा दिसला, ओल नाही दिसली."

आणि मग पलीकडची बाईच आपणहून म्हणाली, "ताई, खरं सांगू? माझ्या आईला मी इथे नसतं ठेवलं. वरच्या रस्त्याला पिंपं करणाऱ्या सुताराचं जुनं घर आहे. सहाच खोल्या. तिकडे विचारा."

ते घर जावयाच्या चौदात नव्हतं. इंटरनेटवर त्याचा एकच फोटो होता, त्यातही निम्म्यात कुत्रा. ताईने फोन लावला.

"जोड किती?"

"एकोणीस," घरमालकीण म्हणाली. "पण एकोणिसावा मोजू नका, त्याला रफू करतेय."

ताईच्या चेहऱ्यावर जे आलं, ते जावयाने इतक्या वर्षांत फक्त एकदा पाहिलं होतं, तिची बढती झाली तेव्हा. "एका माणसाची खाट असलेली खोली आहे का?" तिने पुढे विचारलं. "अरुंदच हवी. खिडकीपाशी."

म्हणजे आईसाठी स्वस्तातली खोली, जावयाने मनात लिहिलं. निवृत्तीनंतर माणूस हात आखडतोच.

जेवणाचा शोध दुपारी चारला. त्या वेळी हॉटेलांत गिऱ्हाईक नसतं आणि स्वयंपाकघरातली माणसं स्वतः जेवत असतात. ताईचा प्रश्न एकच: "तुम्ही आत्ता काय खाताय?" सात पदार्थवाल्यांकडचा आचारी म्हणाला, आम्ही घरून डबा आणतो. ताईने आभार मानून फोन ठेवला. आणखी तीन ठिकाणं अशीच गळाली. पाचव्या ठिकाणी, बाटल्या भरायच्या शेडला लागून असलेल्या एका साध्या खानावळीत, फोन उचलणाऱ्याच्या तोंडात घास होता. "सूप आणि पाव," तो म्हणाला. "गिऱ्हाइकांचंच. पण आमचं आधी काढून ठेवतात, तळातलं घट्ट."

"शनिवारी दुपारी चौघं," ताई म्हणाली.

घरी येताना जावयाला मानावंही लागत होतं आणि धास्तीही वाटत होती. बाईची तपासणी पक्की. त्यालाही नुकसान असंच, चार आडवे प्रश्न विचारून काढता येत असतं तर! पण तलाव नाही, लिफ्ट नाही, वर अकरा पायऱ्या आणि अरुंद खाट. पंचाहत्तरी उलटलेल्या बाईला? एकशेचार दिवस एका रफूवर लावायचे? दुधाने तोंड पोळलेला तो गडी. त्याने रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली आणि रिसॉर्टमध्ये तीन खोल्या दोन रात्रींसाठी राखून टाकल्या. पैसे आगाऊ, परत मिळणार नाहीत. बायकोला सांगितलं नाही. विम्याचा माणूस विमा उतरवणार नाही, तर काय करणार?

शुक्रवारी संध्याकाळी, घाट उतरताना, त्याचा फोन वाजला. फोन गाडीच्या स्पीकरला जोडलेला होता हे त्याच्या लक्षात आलं, तेव्हा मधाळ आवाज गाडीभर पसरला होता.

"सर, आपल्या तिन्ही खोल्या तयार आहेत. सहा फुटी पलंग, त्यावर गुलाबाच्या पाकळ्या. आपण कधीपर्यंत पोहोचाल?"

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. मागच्या सीटवर सासूबाई सरळ बसल्या.

"सहा फुटी?" त्या म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता. "तिकडे जायचंय का आपल्याला?"

"नाही आई," ताई म्हणाली. "त्या खोल्या पाकळ्यांसाठी आहेत."

जावयाने 'नंतर कळवतो' म्हणून फोन बंद केला. कान तापले होते, पण सर्व्हेअर तो सर्व्हेअरच: सासूबाई पाकळ्यांना नाही, पलंगाला घाबरल्या, हे त्याच्या नजरेतून सुटलं नाही.

सुताराच्या घरात सासूबाईंची खोली कोपऱ्यात होती. एक खाट, तीन फूट रुंद, भिंतीला लागून, एक खुर्ची, एक खिडकी. सासूबाई खाटेच्या कडेला बसल्या, चादरीवरून हात फिरवला, आणि ताईकडे एकदाच बघितलं.

शनिवारी सात वाजले, आठ वाजले. नेहमी साडेपाचला उठणाऱ्या बाईच्या खोलीतून आवाज नाही. जावई जिन्याच्या अकरा पायऱ्या दोनदा चढून आला.

"ताई, दार वाजवू का?"

"वाजवा. बोटं मोडीन."

सव्वानऊला सासूबाई केस बांधत बाहेर आल्या आणि चहा कुठे मिळतो ते विचारत खाली गेल्या. ताई आत शिरली. जावई दारात थांबला. ताईने खाटेला हात लावला नाही; नुसती बघत उभी राहिली, पत्र वाचावं तशी.

"पूर्ण झोपली," ती म्हणाली. "कडेपासून कडेपर्यंत सुरकुत्या आहेत."

"त्यावरून कळतं?"

"एकतीस वर्षं दुसऱ्यांचे पलंग उकललेत. मागच्या वेळी आईचा पलंग मीच बघितला होता. सहा फुटी. डावीकडे जरा बसल्याची खूण, उजवीकडे एक सुरकुती नाही. घरीही तसंच. तीन वर्षं ती तीन फुटांत अंग चोरून झोपते, जावईबापू, आणि उरलेले तीन फूट तिला झोपू देत नाहीत. तोंडाने ती हे सांगणार आहे थोडीच!"

जावयाच्या तक्त्यात तसल्याच पलंगाला दहापैकी दहा होते. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे त्यालाही ठाऊक होतं. अंथरूण पाहून माणूस ओळखणारी बाई त्याने आज पाहिली. आयुष्यात त्याने इतका बिनचूक अहवाल वाचला नव्हता, आणि यावर सहीशिक्का काही नव्हता.

दुपारी खानावळीत ताईने "तळातलं घट्ट" मागितलं तेव्हा वाढपी चपापला, मग हसून आत गेला आणि पातेलंच घेऊन आला. बायकोने बाटली मागवली. ती टेबलावर आली, तशी सासूबाईंनी दोन्ही हातांनी उचलली, डोक्यावर धरली आणि बूड वाचलं.

"सात," त्या म्हणाल्या. "सात नंबरचा साचा. हा ह्यांच्याच खात्यातला. सात नंबर फार त्रास द्यायचा, जेवताना शिव्या घालायचे त्याला."

सगळे त्या बुडाकडे बघत राहिले. काचेत उठलेला एवढासा आकडा.

"घोटभर घेणार का, आई?" जावयाने विचारलं.

सासूबाईंनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "आंबट आहे." मग बाटली खाली ठेवून तिच्या गळ्यावर बोट फिरवलं. "पण बाटली चांगली आहे."

बाकीची वाइन तिघांनी संपवायची, असा हुकूम सुटला, कारण रिकामी बाटली घरी न्यायची होती. ताईने शिस्तीत ग्लास पुढे केला. परतीला गाडी ताई चालवणार होती म्हणून तिला दोनच घोट, उरलेली वाटणी जावयाच्या माथी.

रविवारी सामान गाडीत ठेवताना सासूबाई घरमालकिणीला विचारत होत्या, "पुढच्या महिन्यात ही खाट मोकळी असते का?" आणि मग जावयाकडे वळून, "साचे एकंदर बारा होते हो. सात नंबर झाला. बाकीचे अकरा बघायचे म्हणजे कुठे कुठे जावं लागेल, तुम्ही तेवढं काढून ठेवा. तुम्हाला ते रकाने आखायला आवडतं ना?"

"आणि जोड?" जावयाने ताईकडे बघितलं.

"जोड मी विचारीन. तुम्ही रस्ता बघा."

गाडी घाट चढू लागल्यावर त्याने मनात ताळेबंद मांडला. महिन्यातून एक शनिवार-रविवार म्हणजे वर्षाचे चोवीस दिवस सासूबाईंबरोबर सहलीत, बाकीच्या शनिवार-रविवारी सासूबाई ताईकडे. ऐंशी त्याला परत. मागितले होते त्यापेक्षा कमी, पण ते चोवीसही आता सोडायचं मनात येत नव्हतं. सुताराच्या घराचे पैसे ताईने भरले, जेवणाचे बायकोने, बाटलीचे सासूबाईंनी, पर्समधून मोजून. आणि रिसॉर्टमधल्या तीन सहा फुटी पलंगांचे, पाकळ्यांसकट, त्याने.

"वाईट वाटून घेऊ नका, जावईबापू," चालवता चालवता ताई म्हणाली. "साठातले तीन जोड दोन दिवस विसावले. त्या चादरीवालीला सांगते मी, त्या सुट्टीचे पैसे तुम्ही भरलेत."